दाढेची कीड आणि गळ्याची सूज
ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



दर अंकात या पानावर आम्ही खोडकीड, हुमणी, लाल कूज, बेणेप्रक्रिया असे विषय घेतो. या अंकातही विषय किडीचाच आहे, पण ती कीड उसाची नसून आपल्या दाढेची आहे. आम्ही शेतकीचा डिप्लोमा घेतलेले. दातांचे डॉक्टर नव्हे. तरीपण गेल्या गळीत हंगामात प्रतापगडच्या बाजूला जे डोळ्यांनी पाहिले, आणि त्यात आमचाही जो वाटा होता, त्यानंतर हा विषय पत्रिकेत यावा असे वाटले. डॉक्टर मंडळींना चार वेळा विचारून, समजून घेऊन मगच लिहीत आहोत.

प्रतापगड म्हणजे आपल्या कार्यक्षेत्राचे टोक. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा भाग जंगलाला लागून आहे. डोंगरावर जुना किल्ला, महादेवाचे स्थान, तेथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा. जवळच १९७२ साली वसलेली तिबेटी लोकांची वसाहत, आणि पलीकडे इटियाडोहचे पाणी. इकडे धान जास्त, ऊस थोडा. ऊस थोडा म्हणून तोडणी टोळी इकडे शेवटी येते, हे तिकडच्या सभासदांचे जुने गाऱ्हाणे आहे व ते खोटे नाही.

महाशिवरात्रीच्या यात्रेला आठ दिवस राहिले होते. त्या भागातील एका सभासदाच्या फडावर आम्ही गेलो. नाव सांगत नाही, कारण आजारपण हे ज्याचे त्याचे असते. वय पन्नाशीच्या आतबाहेर, दोन एकर खोडवा, मधुमेहाची गोळी कधी घेणारे कधी विसरणारे. डाव्या गालाला दुपट्टा बांधून बांधावर बसले होते. आम्ही विचारले, "काय झालं भाऊ?"

"काही नाही जी साहेब, दाढ ठणकून रायली. शेकून रायलो. टोळी कवा येते थे सांगा."

दोन वर्षांपूर्वी ती दाढ फुटली होती. तेव्हा रात्र-रात्र ठणका होता, मग आपोआप थांबला, म्हणून दाखवायचे राहून गेले. आम्ही गालाकडे पाहिले न पाहिले आणि म्हणालो, "चिट्ठी निघाली आहे, परवा टोळी येईल, गाव सोडू नका." हे आमचे शब्द. टोळी परवा आली नाही. मागच्या गावात ट्रॅक्टर बिघडला आणि ती चौथ्या दिवशी आली. तेवढे दिवस ते गृहस्थ गाव न सोडता बसून राहिले. मेडिकलमधून कुणीतरी आणून दिलेल्या तीन कॅप्सूल घेतल्या, विटेचा शेक घेतला, दाढेत तंबाखू दाबली.

तोडीच्या दिवशी फडावर मुलगा होता, ते नव्हते. घरी गेलो तर त्यांची बायको म्हणाली, "साहेब, यायले थुका गिळता येऊन नाही रायला. रातभर बसून काढली." आत पाहिले. माणूस पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यावर टेकून बसलेला. जबड्याखाली दोन्हीकडे सूज, हात लावला तर लाकडासारखी टणक. जीभ वर उचलली गेलेली, तोंडातून लाळ गळत होती, आवाज तोंडात गरम घास असल्यासारखा. आडवे केले की श्वास कोंडायचा. १०८ ला फोन केला. अर्जुनीहून गोंदिया, गोंदियाहून नागपूर. नागपूरला पोहोचल्यावर पहिले काम दाढेचे झालेच नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जागा बधिर करून, श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवली, म्हणजे आधी श्वास चालू राहील. मग जबड्याखाली दोन्हीकडे चिरा देऊन पू व घाण पाणी काढले, दाढ काढली, रबराच्या नळ्या ठेवल्या. तीन आठवड्यांनी ते घरी आले. जगले. पण आणखी एक रात्र घरी काढली असती तर काय झाले असते, हे तिथल्या डॉक्टरांनी आम्हांला फार स्पष्ट शब्दांत सांगितले.

एका दाढेने एवढे होते कसे, हे समजून घेतले पाहिजे.

कीड म्हणजे आळी नव्हे

उसात कीड म्हटले की आळी दिसते, तिची विष्ठा दिसते, पोंगा ओढला की हातात येतो. दाताच्या किडीत अशी आळी नसते. आपल्या भागात भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतून "किडे" पाडून दाखवणारे लोक बाजारात, यात्रेत बसत. पाण्यात पडते ते पांढरे तुकडे त्या बियांचेच असतात. धुरीने घटकाभर बरे वाटले तरी दाढ होती तिथेच असते.

खरी गोष्ट अशी की तोंडात सूक्ष्म जंतू सदैव राहतात. आपण गोड खाल्ले की ते जंतू ती साखर खातात व आम्ल सोडतात. आम्लाने दाताचे वरचे कठीण कवच विरघळू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते व कवच थोडेफार भरूनही काढते, पण त्याला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून दिवसात साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा तोंडात गेली याला जास्त महत्त्व आहे. जेवणाबरोबर खाल्लेला गुळाचा खडा आणि दिवसभरात दहा वेळा घेतलेला गोड चहा, यांत दाताचे नुकसान चहा जास्त करतो.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेविरुद्ध लिहिलेले पाहून काही मंडळींच्या भुवया वर जातील. त्यांना एवढेच सांगतो की जागतिक आरोग्य संघटनेनेही साखर बंद करा असे म्हटलेले नाही. २०१५ साली तिने सांगितले ते असे की रोजच्या आहारातील एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी वरची साखर असावी. मोठ्या माणसाला हे साधारण ५० ग्रॅम होते. गूळ आणि मधही यातच धरायचे. गूळ देशी म्हणून दाताला सोडून देतो असे नाही.

ऊस चावून खाल्ल्याने दात स्वच्छ होतात, असे आपल्याकडे सारेच म्हणतात. चोयट्यांनी दात घासले जातात हे अर्धे खरे. पण तोडीला आलेल्या उसाचा ब्रिक्स आम्ही हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर पाहतो तेव्हा तो वीसच्या घरात असतो. म्हणजे शंभर भाग रसात वीस भागांच्या आसपास विरघळलेले घन पदार्थ, आणि त्यातली बहुतेक साखरच. दाढ धडधाकट असेल व नंतर चूळ भरली तर ऊस खुशाल खावा. दाढेला भोक असेल तर तोच रस त्या भोकात जाऊन बसतो. तोडणी टोळीतली लहान मुले सकाळपासून ऊस चोखत फडावर बसतात, त्यांची दुधाची दाढ पाच-सहा वर्षांतच काळी पडलेली असते. "पडणारच आहे" म्हणून कोणी पाहत नाही.

ठणका थांबला म्हणजे दाढ मेली

लाल कुजीचा ऊस आठवा. सुरुवातीला बाहेरून पान हिरवे, कांडे चांगले दिसते. उभा चिरला की आत लाल, मध्ये पांढरे आडवे पट्टे, आणि आंबूस दारूसारखा वास. दाढेचे तसेच आहे. वर सुईच्या टोकाएवढे काळे छिद्र दिसते आणि आतला भाग पोखरत गेलेला असतो. दाताच्या मध्यभागी मऊ गर असतो, त्यात रक्तवाहिन्या व संवेदना असतात. कीड गरापर्यंत पोहोचली की ठणका सुरू होतो. गार-गरम पाणी सहन होत नाही, आडवे झाले की कळ वाढते. इथपर्यंत दात बहुधा वाचवता येतो.

मग एक दिवस ठणका थांबतो आणि माणूस म्हणतो, बरी झाली. बरी झालेली नसते. गर मेलेला असतो, म्हणून दुखत नाही. मेलेल्या गरात जंतू वाढत राहतात आणि मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. तेथे पू साठतो. महिने जातात, कधी वर्षे जातात, काही कळत नाही. आमच्या त्या सभासदाचीही ती दोन वर्षे अशीच गेली होती.

पू साठला की तो वाट शोधतो. बांधीत पाणी तुंबले की जिथे बांध कच्चा तिथून ते फोडून जाते, तसेच. पुष्कळदा हिरडीवर पुळी येते, फुटते, घाण चव येते, भरते, पुन्हा फुटते. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, तरी उपचार लागतोच. पण खालच्या जबड्याच्या मागच्या दाढांची गोष्ट वेगळी आहे. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूने एक पातळ स्नायू झोळीसारखा आडवा बांधलेला असतो, त्या झोळीवर जीभ असते. पुढच्या दातांची मुळे झोळीच्या वर संपतात. मागच्या दोन दाढांची मुळे मात्र बहुधा झोळीच्या खाली उतरलेली असतात. त्यामुळे त्यांचा पू तोंडात न येता जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला उतरतो. तेथून झोळीच्या मागच्या मोकळ्या कडेने जिभेखाली जातो, दुसऱ्या बाजूला जातो. दोन्हीकडचे मांस सुजून टणक होते, जीभ वर व मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते. हे सारे एक-दोन दिवसांत होऊ शकते, कधी काही तासांतही.

जर्मनीतील श्टुटगार्ट येथील डॉक्टर लुडविग यांनी १८३६ साली या आजाराचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर लोक त्याला लुडविगचे नाव देतात. पेनिसिलिनसारखी औषधे येण्यापूर्वी या आजाराचे निम्म्याहून अधिक रोगी दगावत. फ्लेमिंगने पेनिसिलिन शोधले १९२८ साली. आपल्याकडे पिंपरीला त्यासाठी सरकारी कारखाना १९५४ साली निघाला. आता वेळेवर पोहोचलेले बहुतेक रोगी वाचतात. वेळेवर हा शब्द येथे महत्त्वाचा.

अक्कलदाढही असाच घोटाळा करते. अठरा ते पंचवीस वयात ती अर्धीच वर येते, हिरडीची टोपी तिच्यावर राहते, टोपीखाली अन्न अडकते आणि पू होतो. दात दिसायला धडधाकट असतो, म्हणून पोरे दुर्लक्ष करतात. तोंड उघडेनासे झाले तर तो पू आत उतरू लागल्याचे लक्षण असू शकते.

वरच्या दातांचा पू वेगळ्या दिशेने जातो. वरच्या दाढांची मुळे नाकाशेजारच्या पोकळीला लागून असतात, म्हणून कधी एकाच नाकपुडीतून घाण वासाचे पाणी येते. सुळ्याचा पू नाकाच्या बाजूला, डोळ्याखाली सूज आणतो, आणि क्वचित तेथील शिरांतून डोळ्यामागे व मेंदूपर्यंत पोहोचतो. यावरून एक जुना समज मोडून काढायला हवा. वरची दाढ काढली की नजर जाते, असे गावोगाव सांगतात व त्या भीतीने लोक सडलेली दाढ ठेवून घेतात. दाढ काढल्याने नजर जात नाही. डोळ्याला धोका असलाच तर तो न काढलेल्या, पू झालेल्या दाताचा आहे.

हे केवळ गरीब मुलखात होते असेही नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यात २००७ साली बारा वर्षांचा एक मुलगा दाढेच्या पुवाने गेला. जंतू मेंदूत पोहोचले होते. ती दाढ वेळेवर काढायला ८० डॉलरच्या आसपास खर्च आला असता, दवाखान्याचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला, दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी पोरगा हाती लागला नाही. त्याच्या आईला दात पाहणारा डॉक्टर वेळेवर मिळाला नव्हता व सरकारी विम्यातही खंड पडला होता.

मधुमेह आणि खर्रा

मधुमेह असलेल्याच्या शरीरात जंतू जास्त फोफावतात, आणि जंतूंची बाधा वाढली की रक्तातली साखरही वाढते. दोघे एकमेकांना हात देतात. आमच्या सभासदाची साखर नागपुरात तपासली तेव्हा ती फारच चढलेली होती, गोळी आठवडाभर घेतलेली नव्हती. २०२१ साली कोरोनाच्या लाटेनंतर काळी बुरशी आली, तेव्हा नागपुरात कितीतरी लोकांचा वरचा जबडा काढावा लागला. ती बुरशी दातातून निघत नाही, नाकातून शिरते. पण काहींना पहिले लक्षण वरची दाढ दुखणे किंवा हलणे हेच होते. म्हणून मधुमेहवाल्या माणसाची धडधाकट दिसणारी वरची दाढ एकाएकी हलू लागली तर वाट पाहू नये.

दुसरे खर्ऱ्याचे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ आपल्या भागात म्हाताऱ्यापासून पोरांपर्यंत चालतो. कॅन्सरची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे, पुन्हा सांगत नाही. पण सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठरते आणि तोंड उघडेनासे होते, हे तुम्हीही आपल्या ओळखीच्या दोन-चार जणांत पाहिले असेल. तीन बोटे उभी मावत नाहीत, कुणाला एकही मावत नाही. अशा माणसाची मागची दाढ किडली तर डॉक्टरचे हत्यार तिथपर्यंत पोहोचत नाही. आणि गळा सुजून श्वास अडला, तर तोंडातून नळी घालायलाही जागा नसते. म्हणजे ज्या दिवशी तोंड उघडण्याची सर्वांत जास्त गरज, त्या दिवशी ते उघडत नाही. काही घरांत बायका गुडाखू घासतात. त्यात तंबाखूही असते आणि मळीही, म्हणजे दात स्वच्छ करायला आपण गोडच चोळतो. आपल्या मळीला दुसरे चांगले उपयोग पुष्कळ आहेत.

उपचार काय, आणि कोणता नव्हे

दाढेच्या पुवावर खरा उपचार म्हणजे पू बाहेर काढणे आणि ज्या दातातून तो आला त्या दाताचा निकाल लावणे. निकाल म्हणजे दात काढणे, किंवा वाचवण्यासारखा असेल तर मुळातली नळी साफ करून भरणे, ज्याला सर्वजण रूट कॅनाल म्हणतात. गोळ्या-इंजेक्शन हे त्याला जोड म्हणून. सूज पसरलेली असेल, ताप असेल, मधुमेह असेल तर ती जोड अत्यावश्यक, पण जोडच.

याचे कारण समजण्यासारखे आहे. औषध रक्तातून जाते. मेलेल्या दाढेच्या गरात रक्तच जात नाही. ज्या बांधीला पाटचारीचे पाणी पोहोचत नाही, तिच्यासाठी पाण्याबरोबर युरिया सोडून काय होणार? म्हणून कॅप्सूलने दोन-चार दिवस सूज उतरते, माणूस विसरतो, आणि पुढच्या खेपेला ती जास्त जोराने येते. आमच्याकडे काही लोक वर्षातून तीन-तीन वेळा असा कोर्स घेतात, तोही अर्धा. अशाने औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. एकाच कीटकनाशकाची फवारणी पुन्हा पुन्हा करून तुडतुड्यांचे काय झाले, हे धान उत्पादकांना आम्ही सांगायला नको.

"सुजेवर दात काढू नये" हे वाक्य आपल्याकडे नियमासारखे बोलले जाते. पूर्वी त्याला काही आधार होता, कारण पू झालेल्या जागी बधिर करण्याचे इंजेक्शन नीट लागत नाही. आता दात लगेच काढायचा की एक-दोन दिवस औषध देऊन, हे डॉक्टर तपासून ठरवतात. पुष्कळदा सूज असतानाच काढणे हिताचे असते. ठरवायचे त्यांनी. आपण घरी बसून सूज उतरण्याची वाट पाहणे हा उपचार नव्हे.

बाहेरून गरम शेक देऊ नये. शेकाने पू बाहेरच्या कातडीकडे ओढला जाऊन गालाला भोक पडू शकते, व्रण कायमचा राहतो. कोमट मिठाच्या पाण्याने आतून चूळ भरावी, ते चालते. लवंगतेलाने घटकाभर कळ कमी होते, पण पू तसाच राहतो. वेदनेची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये, हिरडी भाजते. तंबाखू तर नकोच. सूज एका इंजेक्शनने तासात उतरवून देणारे कोणी भेटले तर सावध राहावे. त्यात बहुधा स्टेरॉइड असते. सूज दिसेनाशी होते, जंतू आत वाढत राहतात, आणि मधुमेह असेल तर साखर भडकते.

ज्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे किंवा झडपेला पूर्वी जंतुबाधा झालेली आहे, त्यांनी दात काढण्यापूर्वी तसे सांगितलेच पाहिजे. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात, म्हणून त्यांना आधी औषध द्यावे लागते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगावे, पण ती आपल्या मनाने बंद करू नये.

कुठे आणि केव्हा जावे

साधी किडलेली, दुखणारी दाढ असेल तर जवळच्या दातांच्या डॉक्टरकडे. अर्जुनी मोरगाव व नवेगावबांध येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, तेथे चौकशी करावी. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून चालू आहे. अर्जुनी स्टेशन गोंदिया-बल्लारशा मार्गावरच आहे, तेव्हा गोंदियापर्यंत गाडीची सोय आहे. मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो की नाही, हे त्या दवाखान्यातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. शिधापत्रिका व आधार बरोबर ठेवावे.

पण पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर रेल्वेची वेळ पाहू नये, थेट १०८ ला फोन करावा. जबड्याखाली किंवा गळ्याला सूज वाढत आहे. तोंड दोन बोटेही उघडत नाही. गिळता येत नाही, लाळ गळते आहे. आवाज बदलला आहे, जीभ वर आली आहे. आडवे झाले की श्वास कोंडतो. डोळा सुजून बंद होतो आहे, किंवा एकाचे दोन दिसतात. दाढेच्या सुजेबरोबर थंडी वाजून ताप आहे, माणूस गुंगीत जातो आहे. अशा माणसाला जबरदस्तीने आडवे करू नये. तो जसा बसतो तसाच बसवून न्यावा. पाणी पाजण्याचा आग्रह करू नये, श्वासनलिकेत जाते. आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये. वाटेत श्वास अडला तर मागचा माणूस काही करू शकत नाही.

रोजच्या काळजीत नवे काही नाही. फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, आणि रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. घासल्यावर थुंकावे, फार पाण्याने खळखळ धुऊ नये. बाभळीचे किंवा कडुनिंबाचे दातण वाईट नाही, पण ते पुढच्या दातांवरच फिरते, मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला पोहोचत नाही. आणि पू तर तिथलाच जास्त घातक. राखुंडी, विटेची भुकटी यांनी कवच झिजते. वर्षातून एकदा दाखवून घ्यावे. उसाचे मातीपरीक्षण करा म्हणून आम्ही पाठीस लागतो तसेच हेही समजा.

राहता राहिला तोडीचा प्रश्न. त्या सभासदाला आम्ही "गाव सोडू नका" म्हणालो, कारण मालक फडावर नसला की टोळी टाळाटाळ करते, वाढे परस्पर जाते, वजनाची शंका राहते, हे आम्हांला ठाऊक होते आणि त्यांनाही. दोन एकराच्या उसापायी ते बसून राहिले. ते दवाखान्यात असताना त्यांचा ऊस आमच्या फिल्डमनने उभे राहून तोडून नेला, वजनाच्या पावत्या मुलाच्या हाती दिल्या. म्हणजे जे शेवटी केले ते पहिल्या दिवशीही करता आले असते.

येत्या हंगामात कोणाही सभासदाला आजारपणासाठी गाव सोडावे लागले, तर गटाच्या फिल्डमनला निरोप द्यावा. तोड चार दिवस मागेपुढे करता येते, किंवा मालकाच्या गैरहजेरीत फिल्डमन फडावर थांबेल, पावत्या घरी पोहोचतील. शेतकी खात्यातील सर्वांना तशा सूचना आम्ही दिल्या आहेत. टोळीच्या मुकादमांनाही सांगितले आहे की मजुराची किंवा त्याच्या मुलाची दाढ सुजली तर उचलीचा हिशोब नंतर, दवाखाना आधी. मुकादम ऐकत नसेल तर थेट आम्हांला कळवावे.

ते सभासद आता बरे आहेत. गळ्यावर दोन बोटांचा व्रण आहे, मधुमेहाची गोळी वेळेवर घेतात, खोडव्याला पहिले पाणी त्यांनी स्वतः दिले. परवा भेटले तेव्हा आमच्याच तोंडाकडे पाहत म्हणाले, "साहेब, तुमची थे मांगची दाढ दाखवली का जी?" आमची डाव्या बाजूची खालची दाढ तीन वर्षांपासून फुटलेली आहे. दुखत नाही म्हणून ठेवली होती. सोमवारची वेळ घेतली आहे.